आईच्या आईचे नाव



रब्बीची पेरणी उरकली आहे. संध्याकाळी जरा सवड मिळू लागली असेल, म्हणून आज खते-औषधे बाजूला ठेवून वेगळ्या विषयावर बोलतो.

बैलबाजारात खिल्लार खोंड घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा. गाय कोणत्या घरची, वळू कोणत्या गावचा, गाईची किती वेते झाली, हे सारे तो न थांबता सांगेल. बियाण्याच्या दुकानात ज्वारी मागायला आलेला माणूस ‘मालदांडी पस्तीस-एकच द्या’ म्हणून हटून बसतो. माझा तर धंदाच हा. संकरित वाणाची मादी कोणती आणि नर कोणता, हे घोकण्यात माझी कॉलेजची वर्षे गेली.

आता हाच प्रश्न घरात विचारा. पणजोबांचे नाव निघेल. खापरपणजोबांचे नाव आठवायला कुणातरी म्हाताऱ्याला हाक मारावी लागेल. आणि पणजीचे नाव? तिचे माहेर? इथे बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. जनावराची आई आपल्याला ठाऊक असते. माणसाची आई दोन पिढ्यांत हरवते.

हे मी दुसऱ्याला हिणवायला सांगत नाही. माझ्याच घरची गोष्ट आहे.

माझी आई आता ऐंशीला टेकली आहे. दर सर्वपित्री अमावास्येला सासरच्या पितरांचे पान वाढून झाले की ती एक घास वेगळा काढून ठेवते. लहानपणापासून मी ते पाहत आलो. तीन वर्षांपूर्वी घास ठेवता ठेवता ती मला म्हणाली, “तू एवढा शिकलेला, कचेऱ्यांतनं फिरतोस. माझ्या आईचं नाव काय व्हतं, तेवढं मला काढून दे की.”

तिची आई ती तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने हिला पोटच्या पोरीसारखे वाढवले, पण घरात पहिलीचे नाव निघेनासे झाले. पुढे नाव माहीत असलेली माणसेही गेली. मी मात्र तीस वर्षे गावोगाव सांगत होतो की कर्जाला कागद लागतो, अनुदानाला कागद लागतो, पीक विम्याला कागद लागतो. त्या कागदांत माणसे शोधता येतात, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. त्या दिवसापासून शोधायला लागलो. जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

आधी घर, मग कचेरी

पहिला कागद म्हणजे घरातले म्हातारे माणूस. ते आहे तोवर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. ‘आपली वंशावळ सांगा’ असे विचारू नका, ते गोंधळून जाते. तुमचे आजोळ कुठले, लग्नाचे वऱ्हाड कोणत्या गावाहून आले, कुलदैवताला कुठे जात होता, कोण गिरणीत कामाला मुंबईला गेले, असे विचारा. सालही विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवीत होता, असे विचारा. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तेवढ्यावर आपल्याला साल लावता येते.

आईकडून मला चार गोष्टी मिळाल्या. आजोळ इंदापूर तालुक्यात भीमेकाठी. ते गाव पुढे उजनीच्या पाण्यात गेले. मामाचे नाव. मामाचे शेत नदीला लागून, मळीचे. आणि चौथी गोष्ट तिने सहज सांगितली. “लगीन झाल्यावर मामानं एकदा तालुक्याला नेलं व्हतं. अंगठा घेतला, मग पेढा दिला.” ही गोष्ट मी वहीत लिहिली खरी, पण तिच्याकडे लक्ष दिले नाही. तुम्ही असे करू नका. म्हाताऱ्या माणसाला साठ वर्षे एखादी गोष्ट आठवते, तेव्हा तिच्यामागे काहीतरी असते.

आईच्या वडिलांच्या गावातल्या एका वृद्धाने सांगितले, “गांधीवध झाला त्याच्या पुढच्या साली, भर पावसाळ्यात ती गेली.” म्हणजे १९४९.

जन्ममृत्यूची वही

पूर्वी गावात जन्म झाला, मरण झाले की कोतवाल वर्दी देई आणि गावच्या दप्तरात नोंद होई. ही वही म्हणजे जुना गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. आजच्या यादीत १४ नंबर पाण्याच्या साधनांना आहे. म्हणून अर्ज करताना ‘जन्म-मृत्यूचा जुना नमुना १४’ असे स्पष्ट लिहा. या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत पाहाव्यात.

ही वही वाचताना मन घट्ट करावे लागते. १९१८ सालची पाने कुठे हाती आली तर दसरा-दिवाळीचा काळ पाहा. मानमोडीची साथ त्या वेळी आली होती. एका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसे एका आठवड्यात गेलेली दिसतात. तुमच्या घराण्यात एखादा चुलता लहानपणीच पोरका झाला असेल, तर कारण बहुधा या पानांवर सापडेल.

आमची वही मोडीत होती. मला मोडी येत नाही. एका निवृत्त शिक्षकांनी दुपारभर बसून १९४९ चा पावसाळा वाचून दाखवला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नोंद निघाली. आईच्या वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि पुढे ‘याची बायको, वय २२, बाळंतरोग’.

बस्स. बायको. नाव नाही.

मी शिक्षकांना पुन्हा वाचायला लावले. त्यांनी त्याच पानावरच्या दुसऱ्याही नोंदी दाखवल्या. तिथेही कुणाची बायको, कुणाची आई. लिहिणाऱ्याचा तो दोष नव्हता. घरचे जसे सांगत तसे तो लिहीत असे. नवऱ्याचे नाव बाई घेत नाही, पण उखाण्यात तरी घेते. बाईचे नाव घ्यायला उखाणाही नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदारयादीतून गाळावी लागली होती. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई, अमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण रीत आपल्याकडेही वेगळी नव्हती.

ज्यांना जमीन नव्हती त्यांनी काय करावे

पुढे सातबाऱ्याकडे वळणारच आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांना गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांनी निराश होऊ नये. त्यांच्यासाठी वरची जन्ममृत्यूची वही आहेच, कारण मरणाला सातबारा लागत नाही. दुसरी जागा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा शंभर वर्षांच्या वर जुन्या आहेत. त्यांच्या रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण मिळते. ‘आधीची शाळा’ या रकान्यावरून घराणे कोणत्या गावाहून आले ते कळते.

फक्त जन्मतारखेवर फार भरवसा ठेवू नका. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून, चुलत्यांचा १ जून आणि शेजारच्या तिघांचाही १ जूनच. तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत.

गावकामगार घराण्यांनी वतनाचे कागद पाहावेत. महार, रामोशी वगैरे कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तेव्हा वतनदारांची नावे आणि त्यांचे हिस्से लिहिले गेले. घराची जागा असेल तर ग्रामपंचायतीचे घरपट्टीचे जुने रजिस्टर, म्हणजे नमुना ८, तेही पाहावे.

सातबारा माणसे कशी सांगतो

आता जमिनीचे कागद. आपण सातबारा काढतो आणि फक्त आपले नाव आहे ना, एवढे पाहतो. जुना, हाताने लिहिलेला सातबारा मागा आणि सावकाश वाचा.

त्यावर काही नावे कंसात असतात. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. मरणाने, विक्रीने किंवा वाटणीने. नावाजवळ वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. हा आकडा घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही मागायची. त्यात कोण केव्हा मयत झाला, वारस कोण, कुणी वर्दी दिली, हे लिहिलेले असते. त्या फेरफारावरून मागचे नाव, मागच्या नावावरून आणखी जुना फेरफार. विहिरीच्या पायऱ्या उतरावे तसे एकेक पायरी खाली जायचे. नुसत्या वारसांची वहीही असते, तिला ६-क म्हणतात.

काही खुणा ओळखून ठेवा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्या थोरल्याचे नाव दिसते, पण त्याच्यामागे धाकटे भाऊ उभे असतात. तुमचा पणजोबा कागदावर सापडत नसेल तर तो असा थोरल्याच्या पाठीमागे असेल. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. बाप लवकर गेला तर इथे पुष्कळदा आईचे नाव मिळते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘कोम’ दिसला की त्याच्या आधी बाईचे स्वतःचे नाव असते.

आणे-पैही वाचायला शिका. जुन्या कागदांत हिस्सा रुपयात लिहीत. सोळा आणे म्हणजे सगळी जमीन. नावापुढे ४ आणे असतील तर चार सारखे वाटेकरी. ५ आणे ४ पै असतील तर तीन. २ आणे ८ पै असतील तर सहा. भाऊ किती होते हे सांगायला कुणी जिवंत नसले, तरी पै सांगते.

आणि शेवटी ‘इतर हक्क’ हा रकाना. आपण तिथे फक्त सोसायटीचा बोजा शोधतो. पण मुली, बहिणी, विधवा यांची नावे पुष्कळ वेळा याच रकान्यात असतात. घरातल्या बायकांना जशी माजघरात जागा, तशी कागदावर इथे.

तुमच्या गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला असेल. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कचेरीत मिळतो. तो आधी काढा, नाहीतर दुसऱ्याच्याच शेतात पूर्वज शोधत बसाल.

कागद प्रांताप्रमाणे बदलतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिकडे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक विचारा. त्याआधीच्या कागदांत उर्दूही येईल. नागपूरकडे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख महत्त्वाचा. जुन्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण तिथवर जाते.

त्याच्या मागे जायचे असेल तर मोजणीचे कागद आहेत. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी आमच्या इंदापूर तालुक्यापासूनच नवी मोजणी सुरू केली. सर्व्हे नंबर आणि त्यावरचा आकार ही पद्धत तिथून पुढे इलाखाभर गेली. पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनदार घराण्यांचे तंटे आणि महजर पेशवाईच्या दप्तरातही सापडू शकतात. ते दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. जुन्या कागदांवर शक असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली असेल तर ५९० मिळवा, म्हणजे इंग्रजी साल येते. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. फसली साल आपल्या इलाख्यात मृगाला सुरू होई. शेतकऱ्याचे वर्ष खरे तर तेच.

सरकारी कागद संपतात तिथे दुसरे दप्तर उघडते. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे सुगी झाली की हेळवी बैल घेऊन दारात येतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात. काही समाजांचे भाट असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत गाव आणि आडनावाप्रमाणे यात्रेकरूंची नावे असतात. तुमचा पणजोबा अस्थी घेऊन गेला असेल तर त्याने सांगितलेली नावे तिथे असू शकतात. हेळव्याला पायली-दोन पायली धान्य देताना हात आखडू नका. तो जे सांगेल ते लिहून घ्या, आणि कागदाशी ताडून पाहा. स्तुती जास्त आणि साल कमी, असेही असते.

पाण्याखालच्या गावाचा फेरफार

माझ्या शोधाकडे परत येतो. आजीच्या सासरी नाव नव्हते. मग मला सुचले की मुलीचे नाव सासरी नसेल, पण माहेरी कुणी ‘अमक्याची बायको’ म्हणणार नाही. माहेरी ती मुलगीच.

पण माहेरचे गाव उजनीच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात धरण खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. गाव बुडाले तरी दप्तर बुडत नाही, एवढे लक्षात ठेवा. धरणग्रस्त वाचकांना हे मुद्दाम सांगतो. भूसंपादनाचा निवाडा असतो, त्यात खातेदारांची नावे गट-सर्व्हे नंबरासह असतात. त्या निवाड्यात मला आईच्या मामाचे नाव मिळाले. त्यावरून सर्व्हे नंबर, त्यावरून जुना सातबारा, त्यावरून दोन फेरफार.

नकलेसाठी चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साल चुकले, दुसऱ्यांदा रजिस्टर बांधणीला गेले होते, तिसऱ्यांदा कारकून रजेवर. वैतागू नका. अर्जाची पोच घ्या, पुढची तारीख विचारा आणि जा. आता जुने अभिलेख स्कॅन करून संगणकावर ठेवले जात आहेत. कित्येक जिल्ह्यांचे पाहायला मिळतात. आधी तालुक्याला चौकशी करा, कदाचित हेलपाटा वाचेल.

पहिला फेरफार १९६१ चा. आईच्या मामाचे वडील, म्हणजे माझ्या आजीचे वडील वारले होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला होता. मुलगी वारस झाली होती, आणि मुलगी आधीच मेली असेल तर तिचे मूलही. तलाठ्याने कायद्याप्रमाणे लिहिले होते: मुलगा अमुक, मुलगी अमुक, आणि ‘मयत मुलगी’ असे लिहून पुढे एक नाव. त्याच्यापुढे ‘हिची मुलगी’ म्हणून माझ्या आईचे नाव, अज्ञान, पालक वडील.

ते नाव मी दोनदा वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

दुसरा फेरफार १९६८ चा. धरणात जमिनी जाणार हे ठरले होते, मोबदल्याच्या वेळी नावे सुटसुटीत असावीत असे मामाला वाटले असणार. ‘मयत मुलगी अमुक हिची मुलगी हिने आपला हक्क मामाचे लाभात सोडला’ असा मजकूर आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. माझ्या आईचा. बावीस वर्षांची होती ती तेव्हा.

पेढ्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आयुष्यभर जे नाव ती शोधत होती, त्याच नावाखाली तिने अंगठा उठवला होता. तिला वाचता येत नव्हते आणि कुणी वाचून दाखवले नव्हते.

मामाला दोष द्यायला हे लिहीत नाही. दर दिवाळीला तो भाचीला चोळीचा खण धाडत असे. तेव्हाची रीत तशी होती. बहिणीने, भाचीने हक्क मागायचा नसतो, असे सगळेच मानत. आणि ती जमीन आता पाण्याखाली आहे, तिथे मासे आहेत. पण अंगठा घेण्याआधी तो कागद कुणी मोठ्याने वाचला असता, तर माझ्या आईला आपल्या आईचे नाव पंचावन्न वर्षे आधी मिळाले असते.

आता आपले काम

म्हणून मंडळी, मागचे शोधताना पुढच्यासाठी नीट लिहून ठेवणे हेही आपलेच काम आहे. चार गोष्टी करा.

एक, घरात कुणी वारले की वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वंशावळीत सगळ्या मुली लिहा. लग्न झालेल्या, वारलेल्या, दूर दिलेल्या, सगळ्या. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण कागद तिला वाचून दाखवा, मग सही घ्या.

दोन, बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, १९९२ मध्ये सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. ती सोय किती घरांनी वापरली, हे तुमच्या गावात तुम्हीच मोजा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे सरकारी कागदांवर सक्तीचे झाले आहे. पुढच्या पिढीला माझ्यासारखी वणवण करावी लागणार नाही.

तीन, उताऱ्यावर नाव चुकले असेल, काना-मात्रा गेली असेल, तर स्वतः पेनाने दुरुस्त करू नका. लेखनातल्या चुकीसाठी जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

चार, एक जाड वही आणा. प्रत्येक माणसासाठी एक पान. नाव, आईचे नाव, माहेर, जन्म, मृत्यू आणि हे कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदात मिळाले. बाईची दोन्ही नावे लिहा. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत असल्याने एकच बाई दोन गावांत दोन नावांनी असते. जुने कागद घडी न घालता कोरड्या जागी ठेवा, कसर लागणार नाही असे बघा, प्लॅस्टिकमध्ये गरम करून चिकटवू नका. त्यांचे फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे देऊन ठेवा.

नक्कल घेऊन मी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईला समोर बसवले आणि दोन्ही फेरफार पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवले, अंगठ्याचा सुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ते नाव तिने एकदा हळू उच्चारले आणि म्हणाली, “सासरी ह्या नावानं कुनी हाक मारली का न्हाई, ठावं न्हाई. पन तिच्या आईनं मारली आसंल.”

जमिनीविषयी तिने एक शब्द विचारला नाही.

कोतवाल बुकातल्या तारखेवरून पंचांगवाल्याने आषाढातली तिथी काढून दिली. आता घास सर्वपित्रीला नाही, त्या तिथीला निघतो, आणि आई नाव घेऊन ठेवते. ते नाव मी इथे लिहिलेले नाही. आईच म्हणाली, “पेपरात नगं घालू, घरात राहू दे.”

तुमच्या घरातले असे नाव घरात आणा. आजच जेवण झाल्यावर म्हातारीजवळ बसा आणि एवढेच विचारा, ‘तुझ्या आईचं नाव काय?’

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीकडे वळू.